तोंडात सापसुरळी घेऊन थांबलेला खंड्या: वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यात राहते. माझं औषधांचं छोटं दुकान आहे. रविवारी ते बंद असतं आणि गेली नऊ वर्षं माझे बहुतेक रविवार पक्ष्यांचे फोटो काढण्यात गेले आहेत. सेकंडहँड घेतलेली 150-600 ची लेन्स, एक ट्रायपॉड आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी, एवढंच माझं सामान. या छंदामुळे मी माझाच तालुका नव्यानं पाहिला. तरीही हे पत्र लिहिते आहे ते याच छंदाबद्दलची तक्रार घेऊन, आणि त्या तक्रारीत मीही आहे.

मेअखेरीस पावशा ओरडून ओरडून रान डोक्यावर घेतो त्या सुमारास आमच्याकडे तिबोटी खंड्या येतो. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. लांबी 13 सेंटीमीटर, वजन जेमतेम 15-20 ग्रॅम. नारिंगी पोट, निळी-जांभळी पाठ, लालभडक चोच. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला, रस्त्यासाठी तोडलेल्या दरडीत, अगदी लोकांच्या आगराच्या (नारळी-पोफळीच्या बागेच्या) बांधातही तो मातीत बीळ कोरतो आणि आत अंडी घालतो. जूनपासून तीन-चार महिने हा पक्षी कोकणात पिल्लं वाढवतो. ही बातमी आता मुंबई-पुण्यापर्यंत पोचली आहे. घरटं सापडलं की संध्याकाळपर्यंत त्याचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि शनिवारी सकाळी वाडीत गाड्या येऊन उभ्या राहतात.

काही वर्षांपूर्वीच्या जुलैत मीही अशाच एका घरट्यासमोर बसले होते. आम्ही सात जण होतो. मी पोचायच्या आधीच कुणीतरी बिळावर लोंबणारं नेचं आणि झुडपं कोयत्यानं साफ केली होती, उजेड यावा म्हणून. पऱ्यात एक सुकी फांदी रोवली होती, पक्ष्यानं नेमकं तिथं बसावं म्हणून. खंड्या आला. चोचीत सापसुरळी होती, तिचं डोकं बाहेरच्या बाजूला. खंड्या स्वतःसाठी भक्ष्य धरतो तेव्हा त्याचं डोकं घशाकडे असतं, पिल्लासाठी धरतो तेव्हा बाहेर, म्हणजे पिल्लाला ते डोक्याकडून गिळता येतं. फांदीवर बसून तो मान वरखाली करत राहिला. उडाला, परत आला, पुन्हा मान हलवत बसला. आम्ही सगळे खूश होतो. असं "पोज" देणारं पाखरू रोज मिळत नाही.

ज्यांची ती जमीन होती ते आजोबा मागे छत्री घेऊन उभे होते. ते मला म्हणाले, "बाय, त्या पाखरू आत जात नाय. तुमी हितनं उठलाव काय जायल."

आम्ही उठलो नाही.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले तेव्हा मी वेळा पाहिल्या. पहिला फोटो 10 वाजून 12 मिनिटांचा, शेवटचा 10 वाजून 51 मिनिटांचा. 214 फोटो आणि सगळ्यांत तीच सापसुरळी, शेपटीला तोच बाक. 39 मिनिटं तो पक्षी पिल्लांचा घास तोंडात धरून आमच्या जाण्याची वाट पाहत होता. पुढच्या रविवारी गेले तर बीळ उकरलेलं होतं. मुंगूस की घोरपड, मला सांगता येणार नाही. पण ते बीळ झाकणारं नेचं आमच्यापैकी कुणीतरी तोडलं होतं, एवढं मला ठाऊक आहे.

महोदय, चोचीत भक्ष्य धरून फांदीवर बसलेल्या खंड्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. कॅलेंडरवर असतात, स्पर्धांत बक्षिसं मिळवतात. निर्धास्त पक्षी घास घेऊन आला तर फांदीवर क्षणभर टेकतो आणि सरळ बिळात शिरतो. तासन् तास बसून राहतो तो घाबरलेला पक्षी. ज्या फोटोला आम्ही दाद देतो त्यात पुष्कळदा उपाशी पिल्लं असतात, फक्त ती चौकटीबाहेर असतात.

यावर कायदा नाही असं मी म्हणत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं येतं. पन्नास वर्षांहून अधिक काळ हे वाक्य कायद्यात आहे. कर्नाळ्यात किंवा फणसाड अभयारण्यात गेलं तर नाका असतो, रक्षक असतो, नियमांची पाटी असते. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनजमीन फारच थोडी. बहुतेक रान मालकीचं, नाहीतर देवराईचं. आमची घरटी आहेत ती कुणाच्या आंब्याच्या बागेत, कुणाच्या परसात, रस्त्याकडेच्या दरडीत. तिथं ना पाटी आहे ना रक्षक, आणि येणाऱ्या माणसाला आपण काही गैर करतो आहोत याची कल्पनाही नसते. मलाही नव्हती.

धनेशाची गोष्ट तर याहून नाजूक. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक फट. दोन महिन्यांहून अधिक काळ ती आणि पुढे पिल्लं त्या फटीतून नर जे भरवेल त्यावर जगतात. वडा-उंबराची फळं घशात साठवून नर येतो, एकेक करून आत देतो. खाली माणसं दिसली की तो दूरच्या झाडावर थांबतो. मादीला बाहेर येऊन स्वतःचं पोट भरता येत नाही. कोकणातल्या देवरायांनी असली झाडं पिढ्यान्‌पिढ्या राखली, कारण तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक होता. आता त्याच झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग लागते आणि कुणाला विचारायची गरज वाटत नाही.

नवरंग या पक्ष्याला मोबाइलवरून त्याचीच शीळ ऐकवून बाहेर काढणं हाही असाच प्रकार. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो बिचारा दिवसभर धावत राहतो. थंडीत गुहागरच्या आणि इतर किनाऱ्यांवर भरतीच्या वेळी वाळूवर विसावलेल्या कुरव-चिखले या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या थव्यात, उडतानाचा फोटो मिळावा म्हणून गाडी घालणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ओहोटीला खायचं आणि भरतीला विश्रांती घ्यायची, असा या पक्ष्यांचा दिवस. त्यातले काही चिखले मार्च-एप्रिलमध्ये हिमालयापलीकडे विणीला जायचे असतात. अंगावर चरबी साठवायच्या दिवसांत त्यांना पुन्हापुन्हा उठवणं म्हणजे त्यांची वाटखर्ची हिसकावणं आहे.

घरट्याकडे कुणी बघूच नये असं मला म्हणायचं नाही. सलीम अली यांनी 1930 मध्ये याच किनाऱ्यावर, किहीमला, सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि सुगरण नराच्या संसाराची रीत जगाला कळली. पण तो एका माणसाचा, टिपणं काढत महिनोन्‌महिने केलेला अभ्यास होता. दर शनिवारी नव्या गाड्या भरून येण्याला तेच नाव देता येणार नाही.

आपल्याकडे माझं मागणं मोठं नाही. विणीच्या काळात घरट्याचं छायाचित्रण, मग जमीन मालकीची असो की सरकारी, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय होऊ नये, आणि ही परवानगी अभ्यासासाठीच मिळावी, असं स्पष्ट परिपत्रक काढा. कायद्यातलं ते व्याख्येचं वाक्य साध्या मराठीत त्यात छापा, म्हणजे वाडीतल्या माणसाला ते दाखवून "उठा" म्हणता येईल. त्या आजोबांच्या हातात तेव्हा असा कागद असता तर आम्ही उठलो असतो. आवाज लावून पक्षी बोलावण्यालाही त्यात बंदी असावी. राज्य सरकार 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करतं. त्या निमित्तानं किंवा एरवीही सरकारी स्पर्धा, दिनदर्शिका आणि पर्यटनाच्या जाहिराती यांत घरट्याजवळचा एकही फोटो घेऊ नका. बक्षीस थांबलं की बरीच गर्दी आपोआप थांबेल.

आणि गावाला यात धरा. घरटं दाखवायचे पैसे घेणारा मुलगा गुन्हेगार नाही, पावसाळ्यात त्याला दुसरा रोजगार नसतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावाच्या आणि वनखात्याच्या साथीनं कासवांची घरटी जपली. तिथं लोक लांबून येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवणाचे पैसे देतात आणि पिल्लं समुद्राकडे निघाली की दोरीमागे उभे राहून बघतात. आमच्या वाड्यांतल्या मुलांना प्रशिक्षण द्या, वनखात्याचं ओळखपत्र द्या, आणि पक्षी दाखवताना किती अंतर राखायचं ते ठरवायचा अधिकार त्यांना द्या. घरटं सोडून ओढ्याकाठी, झाडावर, आभाळात फोटो काढायला पक्षी पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या हौशी माणसांकडे वर्षानुवर्षांच्या तारीखवार नोंदी आहेत, त्या तुमच्या खात्याला हव्या असतील तर मी माझ्या नोंदी आनंदानं देईन.

त्या खंड्याचा जो फोटो मी लोकांना दाखवला होता, तो सगळीकडून काढून टाकला आहे. 214 फोटो मात्र जपून ठेवलेत, वेळांसकट. आपल्या अधिकाऱ्यांना बघायचे असतील तर मी ते घेऊन मंत्रालयात यायला तयार आहे. मेअखेरीस खंड्या परत येईल, त्याआधी परिपत्रक निघावं ही विनंती.

आपली विश्वासू,
चिपळूण तालुक्यातली एक हौशी पक्षी छायाचित्रकार