फॉरमॅट मारण्याआधी पेनड्राइव्ह लावा

माननीय संपादक,

महोदय,

बारावीचे निकाल लागून प्रवेश अर्जांची घाई सुरू झाली की सोलापुरातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी वाढते. तक्रार बहुधा एकच असते: मध्येच बंद पडतो आणि परत सुरूच होत नाही. त्यावर काउंटरवर दोनच उत्तरे ठरलेली, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे) नाहीतर ‘मदरबोर्ड गेला’. एकात डेटा जातो, दुसऱ्यात पैसे. तपासणी दोन्हींत नसते.

फॉरमॅटची गरज आहे की नाही, हे ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर कळते. दुसऱ्या संगणकावर त्यात लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणाली) बूट होईल अशी टाका, लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूतून, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे त्या यादीतून (डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९) पेनड्राइव्ह निवडा आणि इन्स्टॉल न करता तसेच दोन-तीन तास चालवा. तिथेही यंत्र बंद पडले तर विंडोज निर्दोष आहे, फॉरमॅटने काहीही साधणार नाही. सुरळीत चालले तर संशय विंडोज किंवा डिस्कवर, आणि त्याच बैठकीत फाइली बाहेर काढून घेता येतात. मात्र डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डेटा-कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते; बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगला) हात लावण्याआधी उतरवून ठेवावी.

बटण दाबून दिवाच लागत नसेल तर आधी चार्जर पाहा. चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, मग पुन्हा जोडून सुरू करा. गोल पिनच्या चार्जरवर बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्ट छापलेले असतात. मल्टिमीटरवर बरेच कमी आले किंवा वायर हलवताच आकडा नाचला, तर दोष तिथेच सापडला. टाइप-सी चार्जर असा मोजता येत नाही, त्याला दुसरा लावून पाहणे हाच उपाय. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे; ती दाबू नका, लगेच बदला.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, अशा वेळी रॅम (तात्पुरत्या मेमरीच्या पट्ट्या) तपासावी. बॅटरीचा कनेक्टर सोडवूनच हात घाला. दोन पट्ट्या असतील तर एकेकीवर चालवा, मग स्लॉट बदला. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून एकही एरर आला तरी ती रॅम भरवशाची नाही. एचपीचा कॅप्स लॉकचा किंवा डेलचा बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तो आकडा मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडावा. ही फुकटची माहिती फारसे कुणी वापरत नाही.

आपल्या गावाचा खास आजार मात्र उष्णता. मे महिन्यात पारा ४२-४३ वर आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची सुताची धूळ. तिथल्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला की पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्या यांच्यामध्ये सुताचा नमद्यासारखा थर निघतो. वरून पंखा जोरात फिरत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हवा बाहेर पडतच नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. खूण अशी: वीसेक मिनिटांत बंद, लगेच सुरू होत नाही, थंड झाल्यावर होतो. बाहेरून ब्लोअर मारला तर थर आणखी घट्ट बसतो. पंखा काढून चिमट्याने तो उचलावा आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदलावी, चिपचा पृष्ठभाग झाकेल इतकीच, पातळ.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर यंत्र तत्काळ बंद करा. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) मारणे म्हणजे उरलेला डेटाही घालवणे. आधी तिची नक्कल काढायची असते. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब व संशयित जागांचे, आकडे पाहा. ते वाढत असतील तर डिस्क बदलण्याला पर्याय नाही. तारीख दर वेळी मागे जात असेल तर बायोसचा सेल (बहुधा सीआर२०३२, ३ व्होल्ट) संपलेला असतो. काही यंत्रांत त्यामुळे बूट मोडही (यंत्र सुरू होण्याची पद्धत) बदलतो आणि विंडोज ‘गायब’ होते.

इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दाखवून चार्जर-बॅटरी बदलायला लावणारेही आहेत. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच ती नोंद सांगते. का, ते नाही. आणि दोष विंडोजमध्ये निघाला तरी फॉरमॅट हा शेवटचा उपाय. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हाचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे.

ग्राहकांनी जॉब शीटवर कोणती चाचणी केली आणि काय आढळले, हे लिहून मागावे. मदरबोर्ड गेला असे सांगितले तर ३.३ आणि ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइन (यंत्र बंद असतानाही बोर्डवर असणारा वीजपुरवठा) मोजल्या का, किती आल्या, हे विचारावे. आकडा सांगता येत नसेल तर लॅपटॉप परत घेऊन दुसरीकडे दाखवावा.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, सोलापूर