लिलावाच्या आकड्यांपलीकडची कबड्डी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आम्हा पुणेकर चाहत्यांमध्ये एक वाद हटकून सुरू होतो. इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलूला अकराव्या हंगामापूर्वी पुणेरी पलटण या आपल्या संघाने सोडायला हवे होते की नव्हते, हा तो वाद. या चर्चेत आकडे भरपूर असतात, पण ते आकडे कोणत्या चौकटीत बसतात याचा विचार अभावानेच होतो, म्हणून हे पत्र.

दहाव्या हंगामासाठी पलटणने मैदानाचा कोपरा सांभाळणाऱ्या या बचावपटूवर 2 कोटी 35 लाखांची बोली लावली, तेव्हा एका संघाला खर्चाची एकूण मर्यादा 5 कोटी होती. जवळजवळ निम्मी रक्कम एकाच खेळाडूवर गेली. तरीही संघ उभा राहिला, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार, मुंबईचा पंकज मोहिते, मोहित गोयत ही मुले संघाने आधीच्या हंगामांपासून सांभाळली होती. शादलूने पकडीचे 99 गुण मिळवले, अस्लम हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले.

त्याच हंगामात तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांहून अधिक मोजले आणि 22 पैकी केवळ 2 सामने जिंकून हा संघ तळाला राहिला. पवनच्या गुणवत्तेविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण चढाईपटू बाद होऊन बाहेर बसल्यावर त्याला पुन्हा आत आणायला पकडी करणारे भक्कम हात लागतात, आणि उरलेल्या रकमेत तसे हात मिळाले नाहीत तर तो बाकावर बसून काय करणार? त्याआधीच्या नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने 2 कोटी 26 लाखांना घेतलेला हाच पवन पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तरीही तो संघ नरेंदरसारख्या तरुण चढाईपटूच्या बळावर प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला होता.

शादलूला मुक्त करणे चुकले असे म्हणणाऱ्यांची बाजूही मी हलकी लेखत नाही. अकराव्या हंगामात हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतले आणि आपल्या बालेवाडीतच, 29 डिसेंबर 2024 रोजी, पाटणा पायरेट्सला हरवून ते विजेते झाले. पलटण मात्र बाद फेरीतही नव्हती. ते पाहणे पुणेकरांना जड गेले. परंतु त्या हंगामात अस्लम दुखापतीमुळे बाहेर गेला होता, हे त्या वादात कोणी बोलत नाही. बाराव्या हंगामात शादलू नसतानाही हाच संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि दबंग दिल्लीकडून 28-31 असा, अवघ्या तीन गुणांनी हरला. एवढ्या दोन हंगामांवरून मला तरी महागडा खेळाडू सोडून सांभाळलेल्या मुलांवर भर देण्याचे पलटणचे धोरण फसले असे म्हणवत नाही.

या चर्चेला दिशा देणे वृत्तपत्रांच्या हाती आहे. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ‘कोट्यधीश’ खेळाडूंची छायाचित्रे येतात. कोणत्या संघाने कोणाला कायम राखले आणि कोणत्या नवोदितांशी करार केला, ही यादी मात्र आतल्या पानावरही क्वचितच सापडते. राज्य अजिंक्यपद निवड चाचणी किंवा कुमार गटाची स्पर्धा तर चार ओळींत आटोपते, आणि उद्याचे अस्लम तिथेच खेळत असतात. आपल्या क्रीडापानाने येत्या लिलावापूर्वी प्रत्येक संघाने कायम राखलेल्या खेळाडूंची यादी, त्यांच्या खेळण्याच्या जागा आणि ते कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या मंडळातून घडले ही माहिती द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक, पुणे