सिस्टर, तुम्ही आडव्या झालात म्हणून

सिस्टर, नमस्कार.

तुम्हाला आम्ही आठवत नसणार. सोलापूरहून नऊ वर्षांच्या पोराला घेऊन आलेली बाई. थेंब म्हटलं की आख्खा दवाखाना डोक्यावर घेणारा, तोच तो.

मार्च लागला की याचे डोळे लाल. चोळून चोळून पापण्या सुजायच्या, सकाळी डोळ्यातून चिकट तार निघायची. शाळेत बाईंनी 'डोळे आलेत' म्हणून त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. ॲलर्जी आहे, लागण होत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं. सासूबाईंनी गुलाबपाणी घातलं, मीही घालू दिलं. ती चूक माझीच.

पण खरा राग आहे तो आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यावर. जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षं तो तीच बाटली देत राहिला. खोक्यावर उभी लाल रेघ होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र व्हायचे, आम्ही खूश. त्यात स्टिरॉइड आहे हे ना त्याने सांगितलं, ना ज्यांनी पहिल्यांदा लिहून दिलं त्या डॉक्टरांनी. 'लाल झाले की घाला' एवढंच. कधी थांबवायचं, ते नाही.

तुमच्याकडे तपासलं तर त्या स्टिरॉइडने डोळ्यातला दाब 30 वर गेलेला. असावा 10 ते 21. पोराला दुखत काहीच नव्हतं, आणि मी त्यालाच बरं समजत होते. काचबिंदू हा शब्द लहान मुलाच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकला आणि पायातलं बळच गेलं.

औषधं बदलली, ते डॉक्टरांनी केलं, त्यांचेही उपकार आहेतच. पण नवे थेंब घालायची वेळ आली तेव्हा याने भोकाड पसरलं. घरी मी आणि याचे बाबा त्याला धरून, पापण्या फाडून घालायचो. तुम्ही मला बाजूला व्हायला सांगितलंत. कपाटातून डोळे ओले ठेवायच्या थेंबांची ती चिमुकली, एकदाच वापरायची प्लॅस्टिकची नळी काढलीत, टोक मोडलंत आणि बाकावर सरळ आडव्या झालात. टोपी पिनेसकट कलली. म्हणालात, "चल, आधी माझ्या डोळ्यात तू घाल. टोक मात्र डोळ्याला लावायचं नाही हं."

पहिला थेंब तुमच्या गालावर, दुसरा कानात. बाहेर रांगेत कुणीतरी ओरडत होतं. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, नाकाजवळच्या खाचेत ठेव. त्याने ठेवला. मग तुम्ही हळूच डोळा उघडलात, थेंब आपोआप आत गेला. त्याचं तोंड बघायला हवं होतं! लगेच स्वतः शेजारच्या बाकावर पडला, डोळे मिटून.

एकच थेंब, दुसऱ्याला आत जागाच नसते, गालावरच येतो. मग नाकाकडचा कोपरा दाबून शंभर मोजायचे, म्हणजे औषध घशात उतरून कडू लागत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. हे सगळं आम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि फी मात्र सगळ्यांनी घेतली. तुम्हाला तर ते सांगायचे कुणी जास्तीचे पैसेही देत नसेल. अशी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं, बाकी काय.

दाब आता 17 आहे. तपासणीला येतोय, चुकवत नाही.

आणि हो, बाटली फोडली की तुम्ही तिच्यावर पेनाने तारीख टाकलीत ना, महिन्याने टाकून द्यायची म्हणून? परवा याने आजीच्या थेंबांची बाटली उचलली. तारीख कुठंय, म्हणाला. आजीला आठवेना. अर्धी भरलेली आहे, पैसे पडलेत, म्हणून तिने पदराखाली लपवली. तासभर भांडण चाललं. शेवटी बाटली कचऱ्यात गेली, आणि नव्या बाटलीवर याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तारीख आहे.

तुमची,
त्या रडव्या पोराची आई