सवलतीआधी निदान हवे

महोदय,

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातील विशिष्ट अडचण, असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा, असे प्रतिपादन करणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला. मागणी रास्त आहे. मात्र तिचा सारा रोख दहावीवर आहे आणि खरे नुकसान त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. परीक्षेतील सवलती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७मध्ये येतात, पण त्याआधीचे कलम १६ अशी मुले शक्य तितक्या लवकर ओळखून अध्यापनात बदल करण्यास सांगते, याची चर्चा क्वचितच होते.

गोव्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी वा कोकणी प्राथमिक शाळेतले मूल बहुधा पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते आणि मग त्याचे अडखळणे ‘माध्यम बदलले ना, येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक खुणा तिसरीच्या वहीतच दिसतात: तोंडी गोष्ट रंगवून सांगणारे मूल तीच लिहिताना जोडाक्षरे मोडते, काना-वेलांट्या गाळते, फळ्यावरची ओळ उतरवताना मागे पडते. आपण त्याला आळशी ठरवतो, फार तर डोळे तपासून घेतो. अडचण मात्र दृष्टीची नसून ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याची असते. म्हणून शिक्षण खात्याने चौथी संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाची त्याच्या शिकण्याच्या भाषेतच वाचनचाचणी घ्यावी आणि पालकांच्या संमतीने तिचा अहवाल दाखल्यासोबत पुढच्या शाळेकडे पाठवावा.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, फोंडा