मोज्यांतली चांदी

महोदय,

२०२१च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या इंजेक्शनसाठी मी नाशिकमधली मेडिकल दुकानं पालथी घातली होती. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे नॅनो औषधच, हे नंतर कळलं. १०० नॅनोमीटरहून लहान अशा चरबीच्या पिशव्यांत औषध असतं, त्यामुळे मूत्रपिंडाला साध्या इंजेक्शनइतकी झळ बसत नाही. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड!)

परवा मेनरोडला 'नॅनो सिल्व्हर' मोजे दिसले. चांदीचे असेच अतिसूक्ष्म कण जंतू मारतात, भाजलेल्या जखमेच्या पट्ट्यांतही वापरतात. पण मोज्यांत चांदी किती, चार धुण्यांनंतर उरते किती, पाकिटावर अवाक्षर नाही. वाहून गेलेली शेवटी गोदावरीतच ना? निदान प्रमाण तरी छापायला लावा.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक