मंत्रिमहोदय, आमचा तो एक तास परत द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आठवड्यातला एक तास शिक्षकांना एकत्र बसण्यासाठी राखून ठेवू, असा शब्द आपण सत्र सुरू होण्याआधी जाहीरपणे दिला होता. परवा परिपत्रक आलं: त्या तासात ऑनलाइन माहिती भरावी. सोबत दुसरंही. शिक्षकांचं मनोबल वाढवण्यासाठी व्याख्यान, उपस्थिती सक्तीची, फोटो अपलोड करणं बंधनकारक.

व्याख्यानाने मनोबल वाढत नाही, साहेब. आज वर्गात जमलं नाही, हे न घाबरता कुणाला तरी सांगता आलं की ते वाढतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवी शिक्षिका आली. तिचा वर्ग माझ्या भिंतीपलीकडे. वर्ग आवरत नाही म्हणून ती रडत घरी जायची, हे मला ती नोकरी सोडून गेल्यावर कळलं. तिचे तास आमच्यात वाटल्याचा कागद हातात पडला तेव्हा! मधली सुट्टी पटांगणावर लक्ष ठेवण्यात जाते, ऑफ तास गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर. स्टाफरूममध्ये दोघी बोलत बसलो तर विचारणा होते, कामं नाहीत का? घरी पोचेपर्यंत आवाज बसलेला असतो. माझ्या माणसांशी बोलायचंही त्राण उरत नाही. हे कुणाला सांगायचं?

जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे पाठ वर्गात बसून बघतात आणि नंतर त्यावर मिळून बोलतात. शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे ती. (कामाचा बोजा तिथेही भयंकर आहे, तो भाग उचलू नका.) अमेरिकेत क्राफ्ट आणि पापे या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की, कामाचं वातावरण पोषक असलेल्या (सहकाऱ्यांची साथ हा त्याचाच एक भाग) शाळांतले शिक्षक दहा वर्षांत तसं वातावरण नसलेल्या शाळांतल्या शिक्षकांपेक्षा ३८ टक्के जास्त सुधारतात. २०३० पर्यंत जगाला आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील, असं युनेस्को सांगते. आणि आहेत ते टिकवण्याची काळजी कुणाला आहे? शिक्षण सुधारताना शिक्षकांना सहभागी करा, ही आंतरराष्ट्रीय शिफारस ५ ऑक्टोबर १९६६ची. त्या तारखेला जागतिक शिक्षकदिनाची भाषणं मात्र होतात.

खरं दुखणं वेगळंच आहे. या व्यवस्थेचा शिक्षकावर विश्वासच नाही. ज्याचा अहवाल होत नाही, ते काम तिला दिसत नाही. आमच्या निकालांच्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी लावून आम्हाला एकमेकांविरुद्ध उभं करायचं आणि वर एकोप्याचं प्रशिक्षण द्यायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं सोसतो आहोत. फळ्यापुढे आम्ही एकटे, बदनामीतही एकटे!

आम्हाला तो तास परत हवा. त्यात अधिकारी नको, अहवाल नको, फोटो नको. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी एक अनुभवी सोबती द्या आणि त्या दोघांचेही तास कमी करा. पुढचं वेळापत्रक लागण्याआधी हे लेखी कळवा. तोंडी शब्द आम्हाला एकदा मिळालेला आहे.

आपली,
एक सहशिक्षिका