तत्त्वज्ञानाच्या पदवीचा हिशेब पुरता मांडावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस जवळ आले की तत्त्वज्ञानाची पदवी घ्यावी की नाही, यावर दोन टोकांची मते वाचायला मिळतात. एक पक्ष म्हणतो, या पदवीने पोट भरत नाही. दुसरा म्हणतो, ज्ञान पैशात मोजू नये. मी स्वतः हाच विषय घेऊन पदवीधर झाले आणि गेली चौदा वर्षे करारांचे मसुदे तपासण्याचे काम करते आहे. माझ्या मते दोन्ही पक्षांचा हिशेब अर्धवट आहे.

पहिल्या पक्षाचा नमुना म्हणजे अमेरिकी राजकारणी मार्को रुबिओ. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना २०१५ साली एका वादसभेत त्यांनी सांगितले, की वेल्डर तत्त्वज्ञापेक्षा जास्त कमावतो. (२०१८ मध्ये त्यांनीच, स्टोइक विचारवंत (संयम आणि विवेक शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ) वाचल्यावर तत्त्वज्ञानाविषयीचे आपले मत बदलल्याचे जाहीर केले, वेल्डरविषयीचे मात्र कायम ठेवले.) वेल्डरच्या त्या दाव्याला उत्तर म्हणून हल्ली न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा भाग) आकडेवारी पुढे केली जाते. तिच्यातील २०२३ सालच्या आकड्यांनुसार नव्या पदवीधरांमधील बेकारी संगणकशास्त्रात ६.१ टक्के, तर तत्त्वज्ञानात ३.२ टक्के होती. आकडे खरे आहेत, पण त्याच तक्त्यातला शेजारचा रकाना फारसा कोणी उद्धृत करत नाही. जिला पदवी लागतच नाही अशी नोकरी करणाऱ्यांचे प्रमाण त्यात दिले आहे, आणि ते तत्त्वज्ञानात संगणकशास्त्राहून पुष्कळ जास्त आहे. म्हणजे काम मिळते; ते शिक्षणाच्या तोडीचे असेलच असे नाही.

दुसरा पक्ष यशस्वी माणसांची यादी देतो. नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळवणाऱ्या ‘लिंक्डइन’चे सहसंस्थापक रीड हॉफमन यांनी ऑक्सफर्डमधून, कार्यालयीन संदेशांच्या ‘स्लॅक’चे सहसंस्थापक स्ट्युअर्ट बटरफील्ड यांनी केंब्रिजमधून तत्त्वज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली, ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या ‘पेपाल’चे सहसंस्थापक पीटर थील यांनी स्टॅनफर्डमध्ये तत्त्वज्ञानच घेतले होते. पण ही यादी नीट वाचावी. हॉफमन यांची पहिली पदवी संगणकशास्त्र, भाषाविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासक्रमाची होती आणि थील यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली. शिवाय आपला प्रश्न शिखरावरच्या तिघाचौघांचा नाही. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध उभ्या असलेल्या पदवीधराचा आहे. जीआरई या, परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत या विषयाचे विद्यार्थी भाषा आणि विश्लेषणात्मक लेखन या भागांत आघाडीवर असतात हेही खरे, परंतु मुळात वाचनाची गोडी असलेलेच इकडे वळत असतील, तर ते सारे श्रेय पदवीला देता येत नाही.

आता खर्च. फी ही त्याची दिसणारी बाजू. त्या तीन-चार वर्षांत नोकरी केली असती तर हाती पडला असता तो पगारही बुडतो आणि कर्ज असेल तर वर व्याज चढते. वैद्यकी किंवा वकिलीसारखा ठरलेला व्यवसाय या पदवीला जोडलेला नसल्यामुळे सुरुवातीचा पगार बहुधा बेताचा असतो व तो वाढायला वेळ लागतो. हप्ता मात्र तोवर थांबत नाही. प्राध्यापकीच्या जागा तर इतक्या थोड्या असतात, की त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये.

मिळते काय, याचे उदाहरण माझ्या टेबलावरचे आहे. एका करारात वाक्य होते: ‘पुरवठादाराने माल मुदतीत दिल्यास आणि तो तपासणीत उत्तीर्ण झाल्यास किंवा खरेदीदाराने तो स्वीकारल्यास पूर्ण रक्कम देय राहील.’ माल उशिरा आला, पण खरेदीदाराने ठेवून घेतला, तर पैसे द्यायचे की नाही? मुदतीची अट फक्त तपासणीला जोडलेली, की स्वीकारण्यालाही, असे दोन अर्थ निघत होते. कागदाच्या पाठीमागे मी दोन्ही अर्थांची सत्यता-सारणी, म्हणजे तिन्ही अटी पाळल्या-न पाळल्याच्या साऱ्या शक्यतांची यादी, मांडली. आठपैकी दोन ओळींत उत्तरे वेगळी आली, आणि भांडण नेमके त्या दोन ओळींत दडलेले होते. हे मी तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकले. तरीही नोकरी मला त्या सारणीने दिली नाही. पदवीनंतर मसुदालेखनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला, तेव्हा कुठे मुलाखतीचे बोलावणे आले.

म्हणून आपणास विनंती, की या पदवीविषयी छापताना पगाराच्या आकड्याशेजारी कर्जाचा हप्ता आणि जोडीला लागणाऱ्या दुसऱ्या कौशल्याचा खर्चही मांडला जावा. माझी फी शिष्यवृत्तीतून भागली होती. अभ्यासात माझ्यापुढे असलेल्या एका मैत्रिणीने कर्ज काढून हीच पदवी घेतली. मसुदालेखनाचा अभ्यासक्रम आम्ही दोघी मिळून करणार होतो, पण हप्ते सुरू झाल्यामुळे तिने मिळेल ती नोकरी धरली आणि अर्ज मी एकटीनेच भरला.

आपली विश्वासू,
एक वाचक